तारांबळ आणि तारतम्य : तारांच्या व्यवस्थेचा एक दुर्लक्षित इतिहास

मराठीत 'तार' हा ध्वनी पोटात असलेले दोन शब्द असे आहेत, की ज्यांचा धातूच्या तारेशी काडीचाही संबंध नाही. 'तारतम्य' हा शब्द 'तर' आणि 'तम' या तुलनावाचक प्रत्ययांपासून सिद्ध झाला. 'तारांबळ' हा शब्द लग्नघटिका साधण्याच्या घाईत म्हटल्या जाणाऱ्या मंत्रातील 'ताराबल' या शब्दावरून आला, असे सांगितले जाते. भाषेच्या वर्गात ही दोन्ही उदाहरणे आम्ही वर्षानुवर्षे देत आलो आहोत. शब्दाच्या रूपावरून त्याच्या कुळाचा निष्कर्ष काढू नये, हे त्यातून सांगायचे असते. पण तारांच्या व्यवस्थेचा इतिहास पाहू लागल्यावर आमच्या लक्षात आले, की तो या दोन शब्दांमध्येच घडलेला आहे. तारांची तारांबळ होते आणि माणसे तीत तारतम्य आणू पाहतात, एवढेच त्याचे कथासूत्र आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त अगदी साधे होते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात, परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, संगणककक्षातील जोडणी बंद पडली. भिंतीतल्या कपाटात एकाच राखी रंगाच्या चाळीसेक तारा होत्या आणि एकीवरही नाव नव्हते. कोणती तार कोठून आली व कोठे गेली, हे केवळ एका परिचर मामांना ठाऊक होते आणि ते निवृत्त झाले होते. शेवटी त्यांनाच घरून बोलावून आणले. त्यांनी तारांवरून हात फिरवला आणि 'ही लायब्ररीची, ही ऑफिसची, ही मेलेली' अशी ओळख करून दिली. हे लिहून का ठेवले नाही, असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वही मागितली हुती सर. कुणी दिलीच न्हाई." आज ज्याला डेटा सेंटर म्हणतात, त्या हजारो तारांच्या दालनांचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आलेला आहे. तो प्रश्न तंत्राचा दिसतो. मुळात तो लिहून ठेवण्याचा आहे. म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे पाहायला हरकत नसावी.

*

हिंदुस्थानातील तारायंत्राचा आरंभ विल्यम ओशॉनेसी या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रयोगांनी झाला. १८३९ मध्ये त्याने कलकत्त्यात प्रयोग केले, १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली आणि १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा व मुंबई ही शहरे तारेने जोडली गेली. १८५५ पासून सर्वसामान्यांनाही तार करता येऊ लागली. या काळात तारांच्या व्यवस्थेचा प्रश्न फारसा नव्हता, कारण मुळात तारा थोड्या होत्या. डांबावरून जाणारी तार डोळ्यांना दिसे. ती कोठून कोठे जाते, हे रस्ताच सांगे.

पहिला मोठा प्रश्न समुद्रात आला. १८७० च्या फेब्रुवारीत 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळातील अवाढव्य जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने तार टाकीत निघाले, आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालून इंग्लंडशी जोडली गेली. मलायातील झाडांचा गटापर्चा नावाचा चीक तांब्यावर चढवून ही तार तयार होई. जहाजाच्या पोटातील पाण्याने भरलेल्या प्रचंड टाक्यांत ती वेटोळी घालून ठेवावी लागे. वेटोळे चुकले, आतल्या आत पीळ पडला वा गाठ बसली, तर बाहेर सुटताना तार तुटणार आणि समुद्राच्या तळाशी जाणार. म्हणून माणसे टाकीत उतरून एकेक वेटोळे हाताने बसवीत. तार नीट चालावी यासाठी ती आधी नीट ठेवावी लागते, हा धडा येथे मिळाला. आजचा तंत्रज्ञ केबलचे भेंडोळे सोडताना पीळ पडू न देण्याची जी काळजी घेतो, ती या टाकीतल्या माणसांचीच आहे.

तारेचे महत्त्व सत्तेला जेवढे कळले होते, तेवढेच ते सत्तेविरुद्ध उठलेल्यांनाही कळले होते. १८५७ च्या उठावात तारा तोडल्या गेल्या. १९४२ च्या आंदोलनातही देशभर तारा तोडणे हा प्रतिकाराचा एक मार्ग झाला. सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारच्या कथांत तारा तोडल्याचे उल्लेख सहज येतात. आमच्या गारगोटीने त्याच वर्षी १३ डिसेंबरला कचेरीवरील हल्ल्यात सात हुतात्मे दिले. हल्ला कचेरीवर असो वा तारेवर, त्यामागची जाण एकच होती. राज्य कागदावर आणि तारेवर चालते. त्या पिढीला तार कोठे आहे हे माहीत होते, कारण ती दिसत होती. पुढे तारा दिसेनाशा झाल्या, आणि त्या कोणी, कशा मांडल्या हेही आपल्या नजरेआड गेले.

*

तारा थोड्या होत्या तोवर त्यांना नावांची गरज नव्हती. ती दूरध्वनीने निर्माण केली. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. तारेच्या बाबतीत एका गावाला एक तार पुरे. दूरध्वनीत प्रत्येक वर्गणीदाराला स्वतंत्र जोडणी लागे. स्टॉकहोममध्ये एका मनोऱ्यावर पाच हजारांहून अधिक तारा एकवटल्या होत्या आणि त्यांच्या जाळ्याने आकाश काळे दिसे. १८८८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये हिमवादळाने डांब आणि तारा कोसळल्या, आणि तारा जमिनीखाली नेण्याच्या मागणीला बळ आले. तारा जमिनीखाली गेल्या, शिशाच्या नळीत शेकड्यांनी एकत्र बांधल्या गेल्या, आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. या टोकाला हातात आलेली तार त्या टोकाची कोणती?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून दूरध्वनी केंद्रात एक चौकट उभी राहिली. तिच्या एका बाजूस गावातून आलेल्या जोड्या, दुसऱ्या बाजूस यंत्राकडे जाणाऱ्या जोड्या, आणि मध्ये दोहोंना जोडणाऱ्या बारीक तारा, ज्यांना आजही जंपर म्हणतात. वर्गणीदाराने घर बदलले, तर जमिनीखालची तार हलवायची नाही आणि यंत्रही हलवायचे नाही. मधला जंपर तेवढा बदलायचा. स्थिर काय आणि चल काय, यांची ही फारकत होय. व्याकरणात प्रकृती आणि प्रत्यय वेगळे केले की थोड्या घटकांतून असंख्य रूपे सिद्ध होतात, तसेच हे आहे. डेटा सेंटरमधील 'पॅच पॅनल' या चौकटीचीच लेक.

दुसरे उत्तर रंगांचे. अमेरिकेत रूढ होऊन पुढे अनेक ठिकाणी पसरलेल्या पद्धतीत पाच मुख्य रंग आहेत: पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. त्यांच्या जोडीला दुसरे पाच: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पहिल्या गटातील एक आणि दुसऱ्या गटातील एक अशा जोड्या केल्या, की पंचवीस जोड्यांना पंचवीस स्वतंत्र नावे मिळतात. त्याहून जास्त जोड्या असतील, तर पंचवीसांची एकेक जुडी करून तिच्याभोवती रंगीत फीत गुंडाळायची. दहा रंगांत शेकडो तारांची नावे सांगणारी ही बाराखडीच म्हणायची. अंधाऱ्या खड्ड्यात, हातातल्या विजेरीच्या उजेडात बसलेल्या केबल जॉइंटरला ती वाचता आली पाहिजे, हा तिच्यामागचा विचार होता.

तिसरे उत्तर बांधणीचे. दूरध्वनी केंद्रातील कारागीर मेण लावलेल्या दोऱ्याने तारांच्या जुड्या ठराविक अंतरावर गाठी मारून बांधीत. १९५८ मध्ये विमानांतील तारा बांधण्यासाठी प्लास्टिकची खाचांची पट्टी निघाली आणि दोऱ्याची ती कला मागे पडली. आज डेटा सेंटरमध्ये पुन्हा मऊ, उघडता येणारी चिकटपट्टी पसंत केली जाते, कारण घट्ट आवळलेली पट्टी तारेला दाबते आणि पुढे बदल करताना कापावी लागते. बांधताना सोडण्याचाही विचार हवा, हे पुन्हा शिकावे लागले.

येथे दप्तरखान्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर हजारो रुमालांत बांधलेले आहे. रुमाल म्हणजे चौकोनी कापड, त्यात कागदांचा गठ्ठा, वर क्रमांक, आणि तो क्रमांक नोंदवहीत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातून निवड करून ४५ खंड प्रसिद्ध केले, ते संशोधन रुमालांच्या या व्यवस्थेवर उभे होते. क्रमांक पुसला गेला, की कागद शाबूत असूनही तो हरवल्यासारखाच. जुडी, खूण आणि नोंद या तीन गोष्टी तारांनाही लागतात. आपल्याकडे ही परंपरा नव्हती असे नाही. ती कागदाला लागू होती. तारेला लागू करावी, असे मात्र फार थोड्यांना वाटले.

*

संगणक आले, आणि दूरध्वनीचा हा सारा वारसा त्यांच्याकडे गेला. १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना पुढे आली, तेव्हा एकाच जाड तारेवर सगळे संगणक टांगलेले असत. १९९० च्या सुमारास ती पद्धत मागे पडून दूरध्वनीसारखी पीळदार जोड्यांची तार रूढ झाली. जोडीतील दोन तारांना पीळ देण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या १८८१ च्या पेटंटमधली. बाहेरून येणारा उपद्रव पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि शेवटी वजा होतो. म्हणून टोकाशी जोडणी करताना पीळ फार तर अर्धा इंच सोडायचा, असा दंडक आहे. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला उद्देशून वापरतो. येथे मात्र पीळ गेला, तर सुंभ शाबूत राहूनही निकामी होतो.

या तारेत चार जोड्या असतात आणि टोकाच्या खटक्यात आठ तारांचा क्रम ठरलेला असतो. संगणकाच्या तारा जोडणारी मुले तो पाढ्यासारखा म्हणतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ऐकणाऱ्याला येथे एक खटकते. हिरव्या जोडीला मध्येच फोडून निळी जोडी आत का बसवली? कारण टेलिफोनच्या जुन्या खटक्यात मधल्या दोन जागा बोलण्याच्या तारेच्या होत्या. नवी रचना करणाऱ्यांनी जुन्यासाठी ती जागा राखून ठेवली. फोन गेला, जागा राहिली. मराठीत 'घरी' या शब्दात जुन्या सप्तमीचा अवशेष जसा टिकून आहे, तसा हा दूरध्वनीचा अवशेष जगभरच्या इथरनेटच्या खटक्यांत टिकून आहे. म्हणणाऱ्या मुलांना तो इतिहास कोणी सांगत नाही. ती केवळ पाढा पाठ करतात.

पुढे नियम लेखी झाले. अमेरिकेतील दूरसंचार उद्योगाच्या संघटनेने १९९१ मध्ये इमारतींतील तारांचे प्रमाणक काढले, १९९३ मध्ये तारांना नावे कशी द्यावी व नोंदी कशा ठेवाव्या याचे, आणि २००५ मध्ये खास डेटा सेंटरचे. यांपैकी दुसरे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तार किती लांब असावी, हे पहिल्याने सांगितले. त्यानुसार एका जोडणीची एकूण मर्यादा शंभर मीटर. पण नाव नसलेली तार नियमात बसूनही निरुपयोगी ठरते, हे दुसऱ्याने सांगितले. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव हवे, आणि ते नाव नोंदवहीत हवे.

*

ही प्रमाणके निघत असतानाच आमच्या जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी संगणक-जोडणीचा प्रकल्प हाती घेतला. 'वायर्ड व्हिलेज' या नावाने तो गाजला. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन, बिल, हे सारे गावातल्या गावात कळावे, असा त्याचा हेतू होता. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराच्या भूमीत तो सुरू व्हावा, हे उचितच होते. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा गावच्या केंद्रांतील संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या व्यवहारापुरताच होत असल्याचे दिसले. तेवढे काम तर मोबाइलच्या लघुसंदेशावरही भागणार होते. २००६-०७ मध्ये सात गावांत तसा प्रयोग झाला, आणि २००७ मध्ये 'वारणा अनवायर्ड' या शीर्षकाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तारेने जोडलेले गाव दहा वर्षांच्या आत बिनतारी झाले.

येथपर्यंत ही कथा प्रगतीची वाटते. पण 'बिनतारी' या शब्दाने आपली फसगत केली आहे. शेतकऱ्याचा लघुसंदेश हवेतून जातो तो जवळच्या मनोऱ्यापर्यंत. तेथून पुढे तार आहे, आज बहुधा काचेच्या तंतूची. ती रस्त्याकडेने जमिनीखालून जाते, शहरात पोहोचते आणि शेवटी एका थंड, बंद दालनात उतरते. गावातल्या तारा नाहीशा झाल्या नाहीत. त्या दूर एका जागी गोळा झाल्या. आपण जितके बिनतारी होत गेलो, तितके ते दालन तारांनी भरत गेले. अशी दालने आज नवी मुंबईत ऐरोली, महापे या भागांत आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर वर्सोव्याला समुद्राखालच्या तारा वर येतात. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न'ने जे शहर समुद्रापार जोडले, त्याच्याच किनाऱ्याला.

*

या दालनात तारांची व्यवस्था कशी करतात, हे पाहताना आम्हांला इचलकरंजी आठवते. तेथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. मागावर ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या आपल्या घरातून जातो. एक धागा शेजारच्या घरात गेला, तर कापडात दोष दिसतो. डेटा सेंटरमधील तंत्रज्ञही तारांची जुडी विंचरण्यासाठी फणीच वापरतो. दात्यांत एकेक तार बसवून फणी पुढे ओढत न्यायची, म्हणजे तारा एकमेकींना न ओलांडता समांतर राहतात. मग ती जुडी छताखालच्या जाळीदार मार्गिकेवर चढवायची. वळणावर तारेला तिच्या जाडीच्या चौपटीहून कमी त्रिज्येचे वळण द्यायचे नाही. विजेच्या तारा आणि विदेच्या तारा वेगळ्या मार्गांनी न्यायच्या. यंत्रांच्या रांगांमध्ये एका बाजूने थंड हवा येते, दुसऱ्या बाजूने गरम हवा जाते. तारांच्या गुंत्याने ती वाट अडली, तर यंत्रे तापतात. म्हणजे हा नीटनेटकेपणा डोळ्यांच्या सुखासाठी नाही. गुंता हा तेथे उष्णतेचा आणि वेळेचा प्रश्न असतो.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र नव्या तारांचा नसून मेलेल्या तारांचा आहे. यंत्र बदलले, तार तशीच राहिली. तिच्यावर नाव नाही, म्हणून ती ओढून काढण्याचे धाडस कोणी करीत नाही, कारण ती जिवंत असली तर? मग तिच्यावर नवी तार पडते, तिच्यावर आणखी एक. जमिनीच्या पोकळीत असे थर साचतात. तारेचे आवरण जळते, म्हणून अमेरिकेच्या विद्युत-संहितेने २००२ मध्ये निरुपयोगी तारा काढून टाकणे बंधनकारक केले. जुन्या पोथ्यांच्या संपादकांना ही अवस्था ओळखीची वाटेल. समासातील टीप मूळ संहितेत शिरते, पुढचा लिपिकार ती गाळायला धजत नाही, कारण ती मूळची असली तर? न समजलेले जपले जाते आणि समजलेले त्याखाली गाडले जाते. दोन्हीकडे उपाय एकच आहे: कोणी, केव्हा, कशासाठी जोडले, याची त्याच वेळी नोंद.

आपल्याकडे ही नोंद बहुधा माणसाच्या डोक्यात असते. टेलिफोनच्या काळात गावोगावच्या लाईनमनना प्रत्येक डांब आणि प्रत्येक घर पाठ असे. ती विद्या खरी होती आणि मोठी होती. तिला आम्ही मौखिक परंपरा म्हणू शकतो, आणि मौखिक परंपरेविषयी आदराने बोलण्याची आम्हां साहित्याच्या लोकांना सवयही आहे. पण ओवी पाठ असणाऱ्या बाईकडे आपण ध्वनिमुद्रक घेऊन जातो. तार पाठ असणाऱ्या लाईनमनकडे कोणी गेले नाही. तो निवृत्त होतो आणि त्याच्याबरोबर गावाचा एक नकाशा जातो. रस्तारुंदीकरणात जेसीबीच्या फाळाखाली तंतू तुटतो आणि तालुक्याचे बँकेचे व्यवहार थांबतात, तेव्हा दोष यंत्राला दिला जातो. तो तंतू तेथे आहे, हे खोदणाऱ्याला वाचता येईल असे कोठे लिहिले होते काय, हा प्रश्न विचारला जात नाही. १९४२ मध्ये तार तोडणाऱ्याला ती तार आहे हे ठाऊक होते. आज तोडणाऱ्याला तेही ठाऊक नसते.

ज्या मामांपासून आम्ही आरंभ केला, त्यांच्याकडे पुन्हा यायला हवे. त्या दिवशी जोडणी सुरू झाल्यावर अर्ज भरले गेले आणि सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही एक जाड वही घेतली आणि मामांना पुन्हा बोलावले. तारेचा क्रमांक, हे टोक, ते टोक, केव्हा टाकली, कोणी टाकली, असे पाच रकाने आखले. ते सांगत गेले, आम्ही लिहीत गेलो, आणि मुलांनी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या. एकोणतीस तारांची नावे सापडली. अकरा मेलेल्या निघाल्या, त्या काढून टाकल्या. शेवटच्या रकान्यात, 'कोणी टाकली' येथे, बहुतेक ओळींवर एकच नाव आले. ते लिहिताना मामा म्हणाले, "माझं नाव कशाला सर, तारंचं लिवा." आम्ही दोन्ही लिहिले.